धरलेली जागा

१

संघपाल गाडी चालवताना मागे पाहत नाहीत. पुढचं ड्रायव्हरनं पाहायचं आणि मागचं कंडक्टरनं, असा त्यांचा उभ्या नोकरीतला नियम. त्यांच्या गाडीवर कंडक्टर बहुतेक वेळा मीच असायची. घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की सोडायची. मग मागे मारामारी होवो नाहीतर बारसं होवो, त्याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. आमचं लग्नही तसंच जमलं. कारंज्याच्या फेरीला सगळे उतरून गेल्यावर त्यांनी आरशातसुद्धा न पाहता मला विचारलं, आणि मी उत्तर म्हणून दोनदा दोरी ओढली. डेपोतल्या बायका त्यावरून मला अजून छळतात.

नोकरी संपल्यावर लोक फ्लॅट घेतात, आम्ही भंगारातली बस घेतली. बाहेरून निळा रंग दिला. खरवडलं की खालून लाल निघतो, पण खरवडतंय कोण! मागचं लांब बाक ठेवून त्यावर गादी टाकली, मधे ओटा आणि गॅस केला, बाकीची बाकं काढून टाकली. पत्र्यात त्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली. डोक्यावरच्या दांडीवर आम्ही कपडे वाळत घालतो. दारापाशी खिडकीजवळ तिघांचं एक बाक पाहुण्यांसाठी राहू दिलं. घंटीची दोरी मात्र मी काढू दिली नाही. तिकिटाला भोक पाडायचा माझा जुना पंचही पर्समध्ये असतो. दोरी तुटलेली असली की तो दांडीवर आपटून आम्ही घंटीचं काम भागवायचो.

त्या आठवड्यात आम्ही साक्षीसाठी थांबलो होतो. साक्षी आमची लेक, दिली हिंगोलीला. चार महिन्यांची नात घेऊन ती रेल्वेनं जऊळक्याला उतरणार, तिथून आम्ही सगळे गाडीनं नागपूरला जाणार, नातीला पहिल्यांदा दीक्षाभूमी दाखवणार. बाळ आमच्या या फिरत्या घरात प्रथमच येणार होतं. मी दांडीला झोळी बांधून ठेवली होती आणि येता-जाता तिला उगाच झोका देत होते. पण बाळाला सर्दी झाली आणि साक्षीचं येणं दोन-तीन दिवसांनी लांबलं.

मग आम्ही किन्हीराजाच्या बाजूला, जुन्या रस्त्याच्या वळणावर गाडी लावली. नवा रस्ता झाल्यापासून इकडे कोणी फिरकत नाही. एक हातपंप, एक कडुनिंब, समोर तुरीचं वावर. आणि एस.टी.चा जुना थांबा. वर पत्रा, आत सिमेंटचं बाक, गावाचं नाव पुसून गेलेलं.

"पाह्य निता," संघपाल हसून म्हणाले, "जिंदगीभर थांब्यावर गाडी लावली. रिटायर होऊन बी थांब्यावरच आलो."

२

पहिला रुमाल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

जेवण झालं, भांडी पालथी घातली आणि आम्ही दोघं मागे जरा आडवे झालो. उठले तेव्हा दारापाशच्या बाकावर, खिडकीकडच्या जागेवर, एक रुमाल पडला होता. कडेला निळी रेघ असलेला, पुरुषी, चौघडी केलेला. हात लावला तर ओलसर लागला, कुणी नुकताच मानेवरचा घाम पुसल्यासारखा.

ज्यांनी कधी एस.टी.नं प्रवास केला नाही त्यांना सांगते. गाडी थांब्याला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. मग तो माणूस दारातल्या रेटारेटीतून सगळ्यात शेवटी चढू दे, त्याच्या जागेवर कोणी बसत नाही. कंडक्टरसुद्धा तो रुमाल उचलत नाही. उचलला की भांडण ठरलेलंच.

"तुमचा का हो हा?" मी विचारलं.

"माह्यापाशी टॉवेल हाये. रुमाल कायले लागते मले?"

"मग आला कुठून?"

"वारं असन."

वारा घडी घालत नाही, पण संघपालांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माकडं असतील, असं मी मनाशी म्हटलं. शेतातल्या एखाद्या मजुराला गंमत सुचली असेल. रुमाल धुऊन दांडीवर टाकला आणि विसरून गेले.

संध्याकाळी दांडी रिकामी होती. रुमाल बाकावर, खिडकीपाशी, त्याच चौघडीत पडला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. गंमत म्हणजे मी त्या बाकावर बसलेही नाही. भाजी निवडायला खाली पत्र्यावर बसले, आणि बरंच नंतर माझ्या लक्षात आलं की मी कुणाची तरी जागा सोडून बसले आहे.

३

पलीकडच्या मळ्यात बापूराव आणि आवडाबाई भाजीपाला लावतात. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं वाशिमच्या बाजाराला जातं. आवडाबाई स्वभावानं मोकळी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पदरात वांगी घेऊन आली.

"या ना आवडाबाई, वरतं या. चहा ठेवते."

ती दाराच्या पायरीवर हात ठेवून उभी राहिली. आत पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं, जसं बायका गाडीत शिरण्याआधी पाहतात.

"नाई बाई," ती म्हणाली. "गाडी भरून राह्यली. मी मागच्यानं येते."

मी हसले. तिचीही थट्टा असेल असं वाटलं. पण ती हसत नव्हती. तिनं वांगी पायरीवर ठेवली, पदर झटकला आणि बांधावरून निघून गेली. घाई नाही, भीती नाही. ज्याला घाई नसते तो गर्दीची गाडी सोडून देतो, तितक्या सहज.

मी वळून आत पाहिलं. ओटा, गादी, झोळी. संघपाल बनियनवर बसून रेडिओचे सेल बदलत होते. बाकावर आता रुमालाशेजारी कापडी पिशवी होती, बंदांना गाठ मारलेली. तिच्याशेजारी एक पांढरी टोपी.

"हे तुम्ही ठेवलं?"

"काय?"

"पिशवी. टोपी."

त्यांनी मान वर केली, बाकाकडे पाहिलं आणि पुन्हा सेलांत घातली. "तिघांचं बाक हाये. तीन झाले," ते म्हणाले. मग स्वतःच थबकले. आपण असं का बोललो ते त्यांनाही कळलं नसावं. रेडिओ लावला तर नुसती खरखर आली. त्यांनी तो बंद केला.

दुपारी साक्षीचा फोन आला. बाळाला बरं वाटतंय, उद्या निघते, संध्याकाळच्या गाडीनं. मला इतका आनंद झाला की मी पिशवीचा विषय डोक्यातून काढून टाकला. एक दिवस तर राहिला होता. उद्या इथून हलायचंच होतं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपायचं नाही असं ठरवलं. खिडक्यांच्या काचा लावल्या, दाराला आतून कडी घातली आणि ओट्याला टेकून बाळाच्या कुंचीचा बंद शिवत बसले. संघपाल मागे घोरत होते. बाहेर तुरीच्या शेंगा वाजत होत्या. बाकी आवाज नाही.

आणि मग गाडी हलली.

पुढे गेली नाही. नुसती एका बाजूला, थांब्याच्या बाजूला, किंचित झुकली. उभी गाडी केव्हा झुकते ते मला चांगलं माहीत आहे. बाहेरून माणसं खिडक्यांना लोंबकळतात तेव्हा झुकते. टाचा उंचावून, हात आत घालून.

मी खिडकीकडे पाहिलं नाही. का नाही पाहिलं, असं साक्षीनं मला नंतर कितीदा विचारलं. नाही धीर झाला, एवढंच. मी सुईकडे पाहत राहिले. गाडी हळूच पुन्हा सरळ झाली.

मान वर केली तर खाली पत्र्यावर सामान होतं. टॉवेल, उपरणं, एक छत्री, वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर उडू नये म्हणून दगड, बाईचा हातरुमाल, विळा गुंडाळलेलं फडकं. विखुरलेलं नव्हतं. दोन ओळींत होतं, मधून ये-जा करायला वाट सोडून. बोल्टांची भोकं होती तिथंच, जुनी बाकं होती अगदी तिथंच. आणि मागे गादीवर, झोपलेल्या संघपालांच्या पायांशी, मफलर.

काचा लागलेल्या होत्या. कडी घातलेली होती.

मी त्यांना हलवून उठवलं. त्यांनी सगळं पाहिलं, मग म्हणाले, "कोणाचं हाये त्याले देऊन टाकू. आपल्याले काय करायचं दुसऱ्याच्या सामानाचं?"

मला पटलं. भीती वाटत होती, तरी हे शहाणपणाचं वाटलं. आम्ही सगळं एका पोत्यात भरलं आणि थांब्यात नेऊन सिमेंटच्या बाकावर एकेक वस्तू नीट मांडून ठेवली. मी हात जोडले. गाडीत परतले तेव्हा सगळं रिकामं, स्वच्छ. झोळी वाऱ्यानं हलत होती. मला अगदी हलकं वाटलं.

५

निघायची वेळ झाली. सूर्य तुरीच्या मागे गेला होता. संघपाल स्टेअरिंगवर बसले. गाडीचा सेल्फ कुरकुरला, पण लागला.

आता जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. मी दारात उभी राहिले, एक हात दांडीला, अर्धी बाहेर झुकलेली. सगळं आयुष्य अशीच उभी राहिले आहे. थांब्याकडे तोंड करून मी ओरडले, "चला, आटपा लवकर! कोणी राह्यलं का?"

तोंडातून शब्द गेले आणि मी जीभ चावली. थांब्यातल्या बाकावर काहीच नव्हतं. मघाशी मांडलेलं एकही सामान तिथं नव्हतं.

माझा हात मात्र सवयीनं वर गेलाच होता. दोनदा घंटी वाजली. संघपालांनी मागे न पाहता गाडी सोडली.

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "निता, गाडी वढून नाई राह्यली."

"काहून?"

"रिकामी गाडी अशी चालत नाई. ही भरल्या गाडीची चाल हाये."

चढाला त्यांना दुसरा गिअर टाकावा लागला. मी दांडीकडे पाहिलं. वाळत घातलेले कपडे सगळे एका टोकाला सरकून गोळा झाले होते, बाकीची दांडी मोकळी. उभ्या माणसांना धरायला लागते तेवढी.

बाहेर अंधारायला लागलं होतं, त्यामुळे खिडक्यांच्या काचांत आतलं दिसायला लागलं. ओटा दिसला, झोळी दिसली. आणि त्यांच्यामध्ये खांदे. ओळीनं, दाटीवाटीनं, गाडीच्या हिसक्याबरोबर एकदम डुलणारे. चेहरे नव्हते दिसत. सगळे पुढे बघत होते.

मी वळून प्रत्यक्ष गाडीत पाहिलं. रिकामी. काचेत पाहिलं. भरलेली.

"अहो," मी म्हणाले, "तुमी मागं पाहू नका."

"मी कवा पाह्यतो?" ते म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

तिथंच थांबून उतरून पळावं, असं वाटलं. पण रेल्वेची शिट्टी ऐकू आली. तिन्हीसांजेला साक्षी त्या ओसाड स्टेशनवर तान्ह्या बाळाला घेऊन एकटी उतरणार होती. मी गाडी थांबवली नाही.

६

स्टेशनबाहेर गाडी लागली. सेल्फचा भरवसा नव्हता म्हणून संघपालांनी इंजिन चालू ठेवलं. मी घंटीची दोरी दांडीला गुंडाळून वर खोचली, कुणाच्या हाताला लागू नये अशी. मग सांगितलं, "उतरू नका. मी तिला रिक्षात बसवून देते, मग काय ते पाहू." त्यांनी मान हलवली. हात स्टेअरिंगवर, नजर समोर.

मी पायरीवर आले तोच साक्षी फाटकातून येताना दिसली. खांद्याला पिशवी, कडेवर बाळ, तोंडभर हसू. आमची लेक डेपोतच लहानाची मोठी झाली. माझी गाडी लागली की शाळेतून धावत यायची आणि दप्तर खिडकीतून आत फेकायची. रिकाम्या गाडीतही फेकायची. तिचा तो खेळच होता.

"साक्षी, थांब!" मी ओरडले.

पण ती खिडकीशी पोचली होती. हसत हसत तिनं बाळाचं पिवळं दुपटं आत टाकलं.

"आई, जागा धरली पाह्य!"

मी मागे वळले. दुपटं बाकाच्या मधोमध पडलं. रुमाल, पिशवी, टोपी, तिन्ही परत तिथं होती. माझ्या डोळ्यांदेखत ती सरकली. रुमाल खिडकीकडे, पिशवी आणि टोपी कडेला. मांडीवर मूल घेतलेल्या बाईला लागते तेवढी जागा झाली. मग दुपटं आपोआप पसरलं गेलं. त्याच्या सुरकुत्या एकेक करून सपाट झाल्या, कुणी मायेनं हात फिरवावा तशा.

मी झडप घालून दुपट्याचं टोक धरलं आणि ओढलं. दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. हिसका नाही, जोर नाही. गर्दीत दुसऱ्याचं सामान पडू नये म्हणून धरतात, तसं अलगद.

"आई, झालं काय? घे ना हिले," साक्षी पायरीवर चढत म्हणाली.

मी दुपटं सोडलं. अंगानंच तिला ढकलत बाहेर आले, बाळासकट, इतक्या जोरात की ती पडता पडता वाचली. "जागा नाही!" मी ओरडत होते. "जागा नाही या गाडीत! उतर!"

माझे पाय जमिनीला लागले आणि मागे घंटी वाजली.

दोनदा.

संघपाल मागे पाहत नाहीत. दोनदा घंटी म्हणजे कंडक्टर वर चढली, दार लागलं, सगळे बसले. त्यांनी गाडी सोडली.

७

मी धावले. हातानं पत्रा बडवला, साक्षी "बाबा, बाबा" म्हणून किंचाळली. पण इंजिनच्या आवाजात मागचं ऐकू येत नाही, आणि त्यांनी तर कधी कान दिलाच नव्हता. वळणावर मागचा लाल दिवा दिसला आणि गेला.

फोन लावला. ते गाडी चालवताना समोर स्पीकरवर ठेवून बोलतात. लगेच उचलला.

"अहो, थांबा! मी खाली आहे! आम्ही स्टेशनवरच आहोत!"

"फोन कायले करतं निता?" त्यांचा आवाज शांत होता, समाधानी होता. "मागंच तं बसली तू. इथूनच बोल ना."

"मी नाही ती! अहो, मी नाही!"

"हळू बोल. बाळ झोपलं आता. पिवळ्या दुपट्यात गुंडाळून बसली ना साक्षी, तुह्या बाजूले. मले आरशात दिसून राह्यली."

बाळ माझ्याशेजारी साक्षीच्या खांद्यावर जागं होतं, टकाटका माझ्याकडे पाहत होतं. सव्वीस जानेवारी असो की दिवाळी, ज्या माणसानं कधी आरशात पाहिलं नाही, तो आज पाहत होता.

माझ्या शब्दांवर त्यांचा विश्वास बसणार नव्हता. मागे बसलेलीवर बसला होता. पण एका गोष्टीवर त्यांचा शब्दांहून जास्त विश्वास आहे. मी पर्समधून पंच काढला. फोन स्टेशनच्या लोखंडी कठड्यावर ठेवला आणि त्याच्याजवळ पंच आपटला. एकदाच, खणखणीत.

पलीकडून ब्रेकचा आवाज आला. गाडीचा वेग उतरला. गिअर निघाला. माझा जीव भांड्यात पडला. ते थांबत होते! सवयीनं, प्रेमानं, कशानंही असो, थांबत होते.

तेवढ्यात त्यांच्या बाजूनं घंटी वाजली. दोनदा.

गिअर पडला.

मी पुन्हा एकदा पंच आपटला. वेग उतरला. तिकडून दोनदा वाजलं. वेग चढला. मी वेड्यासारखी आपटत राहिले, हाताला रक्त आलं, साक्षी रडत मला ओढत होती. पण दोन-तीनदा पंच लागोपाठ वाजला की सगळं चुकायचं, कारण दोनदा म्हणजे सोड. एकदा वाजवून थांबावं लागत होतं. मी थांबले की तिकडून दोनदा वाजायचं.

मग रेंज गेली.

८

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. चांगली माणसं आहेत, चहासुद्धा दिला. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत निळी बस कुठेच दिसली नाही, म्हणाले. त्या वेळेला एक लाल बस दिसते, पण ती भरलेली होती.

साक्षीला मी हिंगोलीला परत पाठवलं. ती रोज फोन करते, आई घरी ये म्हणते. बाळ आता पालथं पडतं. मला त्याला पाहायचं आहे, खूप पाहायचं आहे, आणि म्हणूनच त्याला इकडे आणू नको असं तिला बजावलं आहे.

मी बापूरावांच्या मळ्यातल्या खोलीत राहते. कामाच्या बदल्यात ते भाडं घेत नाहीत. दुपारची कामं उरकली की जुन्या थांब्यात येऊन बसते. आवडाबाई कधी भाकरी घेऊन येते, जरा वेळ शेजारी टेकते.

"आली नाई का अजून?" ती विचारते.

"येईल," मी म्हणते.

ते मागे पाहणार नाहीत, हे मला माहीत आहे. हाक मारून उपयोग नाही. दारात गर्दी असेल, आणि माझं वय झालं, रेटारेटी जमायची नाही. म्हणून मी हातात रुमाल धरून बसते, चौघडी करून. गाडी लागली की आधी खिडकीतून तोच टाकायचा.